जगातले सगळ्यात जास्त क्वेकर केनियात कसे?

प्रश्न असा आला आहे: "ताई, क्वेकर म्हणजे पाद्री नसलेले, मौनात बसून प्रार्थना करणारे लोक, असं वाचलं होतं. आता नोकरीसाठी किसुमूला आलोय, तर काकामेगाच्या रस्त्यावर थोड्या थोड्या अंतराने क्वेकर चर्चच्या पाट्या दिसतात आणि रविवारी आतून ढोलांचा आवाज येतो. हे तेच लोक का? आणि इंग्लंड-अमेरिका सोडून इथेच एवढे कसे वाढले?"

तेच लोक. घराण्याची दुसरी पाती, एवढंच.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी त्या भागात एकोणीस वर्षं राहिले. आधी एका शाळेत इतिहास शिकवला, आणि २००८ नंतर क्वेकरांच्या शांतता कार्यशाळा घेण्यात बराच काळ गेला. मी स्वतः क्वेकर नाही. आमच्या घरी गणपती बसतो, किसुमूतही बसायचा. तेव्हा हे शेजारणीने दिलेलं उत्तर समजा. भिंतीपलीकडची भांडणं शेजारणीला जरा जास्तच ऐकू येतात.

आधी मौनाचा उलगडा. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स नावाच्या तरुणाने सांगायला सुरुवात केली की देव प्रत्येकाच्या अंतरात थेट बोलतो, मध्ये पुरोहिताची गरज नाही. त्याचे अनुयायी एकत्र जमून गप्प बसायचे. कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर तो उठून बोलायचा. पाण्याचा बाप्तिस्मा नाही, भाकरी-द्राक्षारसाचा विधी नाही. १६६० मध्ये त्यांनी शस्त्र न उचलण्याची जाहीर घोषणा केली. 'क्वेकर', म्हणजे कापणारे, हे लोकांनी चिडवायला दिलेलं नाव. ते स्वतःला 'फ्रेंड्स' म्हणतात. स्वाहिलीत रफिकी म्हणजे मित्र, अनेकवचन मराफिकी. म्हणून पाटीवर कुठे 'फ्रेंड्स चर्च' असतं, कुठे 'कानिसा ला मराफिकी'. तुम्ही वाचलंत ते या मूळ घराचं वर्णन.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले बरेच क्वेकर पश्चिमेकडे ओहायो, इंडियाना, आयोवा इथे शेतीला गेले. १८७०च्या सुमाराला तिथे धर्मजागृतीच्या मेळाव्यांची लाट आली. रडून पापाची कबुली द्यायची, मोठ्याने गायचं, प्रवचन ऐकायचं. हे क्वेकर त्यात ओढले गेले. त्यांच्या सभांमध्ये पेटी आली, भजनं आली, पगारी पाद्रीही आला. फिलाडेल्फियाच्या जुन्या वळणाच्या क्वेकरांना हे मुळीच रुचलं नाही, पण गाडी पुढे निघून गेली होती. केनियात पोचले ते याच पातीचे लोक. तेव्हा आफ्रिकेत येऊन मौन मोडलं आणि ढोल आला, ही पाहुण्यांची आवडती समजूत सपशेल चूक आहे. मौन ओहायोतच, बोटीत चढण्याआधी मागे राहिलं होतं. ढोल मात्र इथला.

तिघे जण आले: विलिस हॉचकिस, आर्थर चिल्सन आणि एडगर होल. तिघांचाही संबंध क्लीव्हलंडला वॉल्टर आणि एमा मलोन हे जोडपं चालवत असलेल्या बायबल शाळेशी. याच ओहायोच्या क्वेकरांमधून १८९०च्या दशकात काही बायका आपल्या बुंदेलखंडात, नौगावला आल्या होत्या. छतरपूरकडचे क्वेकर आणि हे तिघे पुढे जिथे ठाणं मांडणार होते त्या पश्चिम केनियातल्या कैमोसीचे क्वेकर असे एकमेकांचे चुलतभाऊ लागतात, जरी दोघांना त्याची फारशी कल्पना नसते.

हॉचकिस त्याआधी कांबा लोकांच्या मुलखात चार वर्षं काढून आला होता. त्या मिशनचा प्रमुख १८९६ मध्येच वारला, सोबतचे काही मेले, काही परत गेले, दुष्काळ पडला, आणि हा चिवटपणे टिकला. तिथे त्याने एक धडा घेतला. देणगीवर जगणारं मिशन टिकत नाही, हाताला काम देणारं आणि स्वतःच्या पायावर उभं राहणारं हवं. म्हणून नवीन संस्थेच्या नावातच 'इंडस्ट्रियल' होतं: फ्रेंड्स आफ्रिका इंडस्ट्रियल मिशन.

वेळही जमून आली. मोंबासाहून निघालेले रूळ १९०१च्या डिसेंबरात व्हिक्टोरिया सरोवराला, आजच्या किसुमूला येऊन भिडले होते. ते रूळ टाकायला हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते आणि त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. १ एप्रिल १९०२ ला हा सगळा पश्चिम भाग युगांडातून काढून ईस्ट आफ्रिका प्रोटेक्टोरेटला, म्हणजे पुढच्या केनियाला जोडला गेला. आणि ऑगस्टमध्ये हे तिघे जागा शोधत कैमोसीला पोचले. चार-सहा वर्षं आधी आले असते तर किनाऱ्यापासून पायपीट करताना निम्मे वाटेत संपले असते.

कैमोसी पाहिलं की त्यांनी ती जागा का धरली ते लगेच कळतं. दाट पावसाळी जंगलाची कड, उंचीमुळे हवा थंड, आणि बारमाही वाहते ओढे. त्या पाण्याच्या जोरावर त्यांनी आरागिरणी बसवली. फळ्या, विटा, दारं-खिडक्या, बाकं तयार होऊ लागली. इंग्रज सरकारने प्रत्येक झोपडीवर कर बसवला होता आणि तो नाण्यांत भरायचा होता. नाणं कुठलं, तर आपला रुपया. त्या वेळी पूर्व आफ्रिकेत हिंदुस्थानी रुपयाच चालत असे. मक्याची कणसं किंवा कोंबडी देऊन सरकार ऐकेना, मग घरातला एखादा तरणा मुलगा कैमोसीला लाकडं ओढायला जायचा. तिथे मजुरीसोबत अक्षरओळख आणि प्रार्थनाही पदरात पडायची. माझ्या वर्गात मी हे मुलांना असंच सांगायचे: तुमचा पणजा देव शोधायला गेला नव्हता, बापाच्या झोपडीचा कर फेडायला गेला होता. मुलं हसायची. एकदा मुख्याध्यापकांनी बोलावून हे जरा सौम्य शब्दांत सांगा, असं सुचवलं.

हॉचकिस लवकरच क्वेकर मिशन सोडून लुंबव्याला स्वतःचं दुसरं इंडस्ट्रियल मिशन काढायला गेला. पहिल्या ख्रिस्ती झालेल्यांत दाऊदी लुंगाहो आणि मारिया मारागा ही नावं अजूनही आदराने घेतली जातात. त्यांचा मुलगा थॉमस लुंगाहो पुढे तिथल्या क्वेकरांचा मोठा पुढारी झाला. पण खुद्द कैमोसीच्या आसपास वाढ संथच होती. तिथले टिरिकी लोक मुलांच्या सुंतेचे विधी राखीव देवराईत, शपथेवर आणि गुप्तपणे करतात. त्या विधींतून पार पडल्याशिवाय पुरुषाला समाजात उभं राहता येत नाही. विधी सोडून मिशनकडे जाणं म्हणजे आपल्या वयाच्या गटातून कायमचं बाहेर पडणं. म्हाताऱ्यांनी ताणून धरलं आणि बरीच वर्षं त्यांचंच चाललं.

पीक आलं ते शेजारच्या मारागोलीत. एमरी आणि डेबोरा रीस या जोडप्याने १९०४ नंतर विहिग्याला ठाणं मांडलं. पुढे इसुखा भागात लिरांडा, वर बुकुसूंच्या मुलखात लुगुलू, काब्रासमध्ये मालावा अशी ठाणी होत गेली. मिशनरी मात्र कुठल्याही वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. तुमचा खरा प्रश्न इथेच सुटतो. एवढ्या थोड्या गोऱ्यांनी एवढे लोक क्वेकर कसे केले? त्यांनी केलेच नाहीत.

प्रॉटेस्टंट मिशनांनी आपसांत मुलखाच्या वाटण्या करून घेतल्या होत्या. मासेनो-बुटेरेची बाजू अँग्लिकनांकडे, बुन्योरे चर्च ऑफ गॉडकडे, आणि टिरिकी-मारागोलीपासून थेट एल्गॉन पर्वताच्या पायथ्यापर्यंतचा मोठा पट्टा क्वेकरांकडे. कॅथलिक त्या करारात नव्हते, त्यांचं वेगळं चालू होतं. म्हणजे तुमचं गाव ज्याच्या वाट्याला, त्याची शाळा तुमच्या गावात. आणि ज्याची शाळा, त्याचा पंथ. जॉर्ज फॉक्स कोण हे माहीत नसताना लाखभर लोक त्याच्या घरचे झाले, ते असे.

शाळा कोण चालवत होतं? कैमोसीत किंवा विहिग्यात दोन-तीन वर्षं शिकलेला गावचाच पोरगा. मातीच्या भिंती, वर गवत, खाली ओंडक्यांची बाकं. सोमवार ते शुक्रवार तो मास्तर, रविवारी तोच प्रवचनकार. गावकरी जागा द्यायचे, झोपडी उभारायचे, आणि मग मिशनकडे जाऊन मास्तर मागायचे. कुसोमा म्हणजे वाचणं, आणि या भागात ख्रिस्ती झालेल्या माणसाला लोक 'वाचणारा' म्हणत. पुष्कळ ठिकाणी हे वाचणारे जुन्या वस्तीतून उठून मिशनजवळ ओळीने घरं बांधून राहायचे. त्या ओळींना 'लाइन' म्हणत. चौकोनी घरं, एकच बायको, बुसा म्हणजे घरची बिअर बंद, तंबाखू बंद, रात्रीचे नाच बंद. मारागोलीचे योहाना अमुगुने आणि जोएल लिटू हे या पहिल्या पिढीतले. लिटू यांनी एमरी रीसबरोबर बसून बायबल लुरागोली बोलीत आणलं. १९२०च्या दशकात नवा करार आला आणि १९५१ ला संपूर्ण बायबल. हे बायबल लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरून घर फुटणार आहे.

मिशनरींच्या पत्रांत बायकांचं धर्मांतर अनेकदा कोंबडीने मोजलेलं दिसतं. टिरिकी, मारागोली, बुकुसू हे सगळे ज्यात मोडतात त्या लुह्या समाजात बाईने कोंबडी आणि अंडी खायची नाहीत, असा कडक दंडक होता. कोंबडी पाळायची तिने, रांधायची तिने, आणि खायची पुरुषांनी. मिशनरी बायकांनी नवख्रिस्ती बायकांना कोंबडी खायला बसवलं आणि जिने खाल्ली ती खरी धीट ठरली. वरवर हे हास्यास्पद वाटतं. मला नाही वाटत. पंगतीत कुणाला काय वाढलं जातं यावर सत्ता कुणाची हे कळतं, हे मराठी बाईला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १९२०च्या दशकात रॉक्सी रीव्ह यांनी कैमोसीत मुलींची निवासी शाळा चालवली. तिथे शिवण-टिपण, घर नीटनेटकं ठेवणं यावर भर होता, आणि आज वाचताना तो खटकतो. पण नवऱ्याच्या घरी जायच्या आधी चार वर्षं स्वतःच्या नावाने हाक ऐकायला मिळणं ही त्या मुलींसाठी लहान गोष्ट नव्हती. ईस्ट आफ्रिकेच्या क्वेकर बायकांचा हा इतिहास एस्थर मोंबो या केनियन विदुषीने पुढे संशोधन करून मांडला आहे.

मग १९२७. चिल्सनने पवित्र आत्म्यावर प्रवचनं सुरू केली आणि कैमोसीत लोक ओरडून पापं कबूल करू लागले, अंगात आल्यासारखे थरथरू लागले, अनोळखी भाषांत बोलू लागले. मिशनला हे झेपेना. शेवटी अशा मंडळींना बाहेर काढण्यात आलं. गंमत बघा, थरथरतात म्हणून ज्यांचं नाव 'कापणारे' पडलं, त्यांनीच थरथरणाऱ्यांना दार दाखवलं. बाहेर पडलेल्यांनी जाकोबो बुलुकूसारख्या पुढाऱ्यांच्या मागे आपली स्वतंत्र आफ्रिकन चर्चं उभी केली. रविवारी रस्त्याने पांढरे झगे घालून, त्यावर लाल क्रूस लावून, ढोल वाजवत जाणारी जी मिरवणूक तुम्हाला दिसेल, त्यातली बरीच मंडळी त्या फुटीची नातवंडं-पतवंडं आहेत. चिल्सन स्वतः १९३४ ला बुरुंडीत गेला आणि किबिंब्याला त्याने नवं ठाणं काढलं. आज आफ्रिकेत केनियाच्या खालोखाल क्वेकर बुरुंडीतच आहेत.

वाचायला शिकलेला माणूस बायबलवरच थांबत नाही. १९३१च्या सुमारास काकामेग्याला सोनं सापडलं, गोरे खाणवाले आले, आणि राखीव म्हणून दिलेल्या जमिनीही सरकार काढून घेऊ शकतं हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यातून नॉर्थ काविरोंडो सेंट्रल असोसिएशन ही राजकीय संघटना उभी राहिली आणि तिचा मोठा आधार क्वेकर शाळांतून शिकलेली मंडळी हाच होता. वेगवेगळ्या पोटजमातींना मिळून 'लुह्या' हे एक नाव रुजवण्यातही या पिढीचा वाटा आहे. अहिंसेचा पंथ आणि आज्ञाधारकपणा यांची मिशनने घातलेली सांगड इथे सुटली.

एलिजा मसिंडे यांचं उदाहरण तर टोकाचं. बुकुसू, किमिलिलीचे, क्वेकर शाळेतले, केनियाच्या संघातून खेळलेले फुटबॉलपटू. दुसरी बायको केल्यावरून चर्चशी बिनसलं, आणि १९४०च्या दशकात त्यांनी दिनी या म्साम्ब्वा, म्हणजे पूर्वजांचा धर्म, ही चळवळ काढली. गोऱ्यांनी चालतं व्हावं, असं ते उघड सांगत. फेब्रुवारी १९४८ मध्ये मलाकिसीला पोलिसांनी त्यांच्या अनुयायांवर गोळीबार केला, ११ जण मेले. मसिंडे १९६१ पर्यंत स्थानबद्ध होते. स्वतंत्र केनियाच्या सरकारलाही ते पचले नाहीत, त्यांच्या पंथावर १९६८ ला पुन्हा बंदी आली.

इथे एका इंग्रज क्वेकर बाईचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. इंग्रज राजवटीविरुद्धच्या मौमौ उठावाच्या काळात आयलीन फ्लेचर या समाजसेविका सरकारच्या पुनर्वसन खात्यात नोकरीला आल्या. कामिटीच्या छावणीत कोवळ्या वयाच्या मुलींना डांबलेलं पाहिलं, सात महिन्यांत राजीनामा दिला, आणि १९५६ मध्ये इंग्लंडमध्ये सगळं छापून आणलं. पार्लमेंटमध्ये गदारोळ झाला. त्या पश्चिम केनियाच्या क्वेकरांपैकी नव्हत्या. पण क्वेकरांनी केनियात काय केलं असं कुणी विचारलं की मी आधी त्यांचं नाव सांगते.

१९४६ ला कैमोसीत ईस्ट आफ्रिका यर्ली मीटिंग स्थापन झाली. क्वेकरांत बिशप नसतो. गावची सभा, मग महिन्याची, तिमाहीची, आणि सगळ्यांच्या वर वर्षाची सभा. वर्षाची सभा म्हणजे नुसती बैठक नाही, ती पूर्ण स्वायत्त संस्थाच असते. तिच्या डोक्यावर कुणी नाही. ही घडी आफ्रिकन लोकांच्या लगेच हातात बसली, कारण झाडाखाली बसून सगळ्यांचं ऐकून निर्णय घ्यायची रीत तिथे होतीच. १९६४ ला, स्वातंत्र्याच्या पाठोपाठ, अमेरिकन मिशनने जमिनी, शाळा, दवाखाने या वार्षिक सभेच्या नावावर केले.

शाळांचा तर हा सुगीचा काळ. लुगुलू, मुसिंगू, कामुसिंगा, कैमोसी ही नावं केनियात कुणालाही विचारा. १९५९ ला चावाकालीत अमेरिकेतल्या अर्लहॅम या क्वेकर कॉलेजच्या मदतीने दिवसाची माध्यमिक शाळा निघाली. त्याआधी माध्यमिक शिक्षण म्हणजे वसतिगृह आणि वसतिगृहाचा खर्च. मुलं घरून चालत येऊन शिकू शकतात हे या शाळेने दाखवलं. गावोगावच्या आरोग्यकामासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या डॉ. मिरियम वेरे या क्वेकर. २००८ चा जपानचा हिदेयो नोगुची आफ्रिका पुरस्कार त्यांना मिळाला, आणि २०२२ ला अमेरिका व ब्रिटनच्या क्वेकर संस्थांनी शांततेच्या नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवलं.

आता ते बायबल. लुरागोली ही दक्षिणेकडची बोली. देवाला त्यात न्यासाये म्हणतात. उत्तरेकडचे बुकुसू देवाला वेले म्हणतात, आणि त्यांची बोली चांगलीच वेगळी आहे. अँग्लिकनांच्या पुढाकाराने सर्व लुह्यांसाठी एक प्रमाण भाषा घडवायचा प्रयत्न झाला, तेव्हा मारागोलीचे क्वेकर आपल्या बायबलाला चिकटून राहिले. मुख्य कचेरी दक्षिणेत, मोठा दवाखाना दक्षिणेत, पदाधिकारी बहुतेक दक्षिणेतले, आणि आता धर्मग्रंथाची बोलीही त्यांचीच. पुण्याची बोली प्रमाण मानल्यावर खानदेशात नि वऱ्हाडात काय वाटतं, ते मला बुकुसू सहकाऱ्यांशी बोलताना नेहमी आठवायचं. १९७३ ला एल्गॉनकडच्या क्वेकरांनी वेगळी नोंदणी केली. १९७९ ला दक्षिण, १९८७ ला नैरोबी, आणि मग रांगच लागली. आज केनियात वीसच्या आसपास वार्षिक सभा आहेत.

या फुटींबद्दल तिथले जुने लोक शरमेने बोलतात. माझं मत थोडं वेगळं आहे. प्रत्येक नव्या सभेला स्वतःचं कार्यालय, स्वतःची शाळा, स्वतःची चर्चं हवी झाली. त्या ईर्षेत नव्या वस्त्यांमध्ये, थेट तुर्कानाच्या वाळवंटापर्यंत, क्वेकर पोचले. पसारा वाढला तो बराचसा भांडणांमुळे. किंमतही दिली: मालमत्तेचे खटले वर्षानुवर्षं चालले, सामाईक संस्थांना वाली उरला नाही, आणि पाद्र्यांचे पगार इतके तुटपुंजे की आठवडाभर शेती किंवा शिकवण्या केल्याशिवाय त्यांचं घर चालत नाही. तरुण पोरं माईक आणि कीबोर्ड असलेल्या पेंटेकोस्टल चर्चकडे वळतात, ही तक्रार मी दर सभेत ऐकली.

आकड्यांचं सांगते. क्वेकरांच्या जागतिक संघटनेच्या २०१७च्या मोजणीत जगभर पावणेचार लाखांच्या आसपास आणि त्यांपैकी केनियात सुमारे १ लाख १९ हजार क्वेकर होते. म्हणजे अमेरिकेपेक्षा खूप जास्त, आणि ब्रिटनच्या कितीतरी पट. त्याच्या पाच वर्षं आधीच्या मोजणीत केनियाचा आकडा १ लाख ४६ हजार होता. यावरून केनियात क्वेकर घटले असा निष्कर्ष घाईने काढू नका. वीस सभा, वीस वह्या, आणि कुणाला सभासद म्हणायचं याच्या वीस रीती. लहान मुलं धरली की आकडा फुगतो, वर्गणी न भरणारे वगळले की आटतो. रविवारी बाकावर बसणारे या दोन्हींपेक्षा जास्त असावेत, असा माझा नजरेचा अंदाज.

आणि अहिंसा? खरं सांगायचं तर २००७ पर्यंत ती वहीत होती. दारू नको, दुसरी बायको नको, हे क्वेकर असण्याचं लक्षण. युद्धाबद्दलची साक्ष, म्हणजे शस्त्र न उचलण्याची ती जुनी घोषणा, बहुतेकांच्या कानावर जेमतेम आलेली. डिसेंबर २००७च्या निवडणुकीनंतर देश पेटला, ११०० च्या वर माणसं मेली, सहा लाखांवर बेघर झाली. क्वेकरांचा मुलूख थेट त्या आगीच्या कडेला. जमावात आपलीही पोरं होती, हे मान्य करायला लागलं. जानेवारी २००८च्या अखेरीस, रस्त्यांवर अडथळे असतानाच, काकामेग्याला क्वेकर पुढाऱ्यांची परिषद झाली आणि तिथून शांततेच्या कामाला संघटित रूप आलं. मी त्या सुमारास या कामात ओढली गेले.

टर्बोच्या बाजूला लुह्या, कालेंजिन आणि किकुयू शेजारी शेजारी राहतात. तिथे आम्ही वीसेक माणसांना तीन दिवस एका खोलीत बसवायचो, बरोबरीने तिन्ही जमातींतली. न्यूयॉर्कच्या एका तुरुंगात १९७५ ला क्वेकरांनी सुरू केलेल्या कार्यशाळांची पद्धत आणि नरसंहारानंतर रवांडा-बुरुंडीत घडवलेली दुसरी पद्धत, दोन्ही वापरत असू. भिंतीवर मोठं झाड काढायचं, मुळांपाशी अविश्वास कशातून उगवतो ते लिहायचं, फांद्यांवर त्याची फळं. मग दुसरं झाड, विश्वासाचं. जोड्या करून एकाने डोळे बांधायचे आणि दुसऱ्याने त्याला अंगणातून, पायऱ्यांवरून हात धरून फिरवायचं. पट्टी बांधून घ्यायला बायका लवकर तयार व्हायच्या, पुरुषांना वेळ लागायचा. एका ठिकाणी ज्याचं घर जळलं तो आणि जाळणाऱ्यांच्या गल्लीतला एक, चिठ्ठ्यांनी जोडीला आले. फिरून झाल्यावर दोघे भिंतीला टेकून बसले आणि बराच वेळ खोलीत कुणीच काही बोललं नाही. माझी सहकारी, तिथल्याच एका क्वेकर पाद्र्याची बायको, संध्याकाळी म्हणाली की इंग्लंडचे लोक रविवारी असंच बसतात म्हणे, आम्हाला ते कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

तुम्ही किसुमूतच आहात तर एक रविवार काढा. काकामेग्याच्या मटाटूत बसून चावाकालीला उतरा, तिथून काप्साबेतच्या रस्त्याने कैमोसी जवळ आहे. वाटेत विहिगा काउंटी लागते. चौरस किलोमीटरला हजारावर माणसं, म्हणून शेतं आपल्या कोकणातल्या वाटण्यांसारखी चिंधी-चिंधी झालेली दिसतील. दहाला पोचा, तीन तास धरून चाला. भजनं लुरागोलीत किंवा स्वाहिलीत, गायनमंडळं एकामागून एक, मग प्रवचन. काही चर्चमध्ये प्रवचनानंतर दोन मिनिटं गप्प बसतात, पण तेवढ्यातही कुणीतरी खोकतं आणि पाद्री पुढची घोषणा करतो. पाहुण्यांना उभं करून नाव-गाव विचारतात. नाव सांगा, भारतातून आलो सांगा, आणि दोन वाक्यं स्वाहिलीत पाठ करून ठेवा, टाळ्या पडतील.

शेवटी लिलाव असतो. ज्यांच्याकडे रोख नाही ते अंडी, केळ्यांचा घड, कधी जिवंत कोंबडी अर्पण करतात आणि बाहेर अंगणात त्याची बोली लागते. सुटे शिलिंग जवळ ठेवा आणि कोंबडीवर बोली लावण्याआधी ती मटाटूतून परत कशी नेणार याचा विचार करून ठेवा. मी पहिल्या वेळी केला नव्हता.